जोड्या लावा

आमच्या सोसायटीला साहित्याची आठवण वर्षातून एकदाच येते, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. एरवी व्हॉट्सॲपवर निरोप येतो. यंदा सेक्रेटरी स्वतः जिना चढून आले आणि चपला दाराबाहेर काढल्या. म्हणजे काम मोठं होतं.

"सत्तावीसला मराठी भाषा गौरव दिन," ते म्हणाले. "दर वर्षी पोरांना फेटे बांधतो, फोटो काढतो, सामोसे वाटतो. पण आता मराठी अभिजात झालीये. आता नुसत्या फेट्यावर भागणार नाही."

"मग काय करायचं?"

"साहित्याची प्रश्नमंजूषा. प्रश्न तुम्ही काढायचे. तुमच्याकडे पुस्तकं आहेत."

आमचं पुस्तकांचं कपाट दारातून दिसतं, ही घर लावतानाची चूक. पुस्तकं असणं आणि वाचलेली असणं यांत फरक असतो हे सेक्रेटरींना सांगायचा धीर झाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर होता, आणि मेंटेनन्स दोन महिने थकलेला असताना तो घालवणं परवडणारं नव्हतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोबत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली होत्या. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने हालाच्या गाथासप्तशतीपासून नाणेघाटातल्या शिलालेखापर्यंत पुरावे गोळा केले आणि भाषेचं वय सिद्ध केलं. दोन हजार वर्षांमागची कागदपत्रं निघाली. आमच्या इमारतीला एकतीस वर्षं झाली, तिचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही.

पहिलं बक्षीस पुस्तक ठेवावं असं मी सुचवलं. सेक्रेटरी दचकले. "मग भाग कोण घेईल?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर, दुसरं टिफिन, उत्तेजनार्थ प्लॅस्टिकचे डबे, असं ठरलं. अभिजात साहित्याचं आणि स्वयंपाकघराचं नातं आपल्याकडे असं सांभाळलं जातं.

रात्री कपाट उघडून बसलो. वरच्या खणात ज्ञानेश्वरी, लग्नात आलेली. एक नव्हे, तीन. अठरा अध्याय, ९,०००हून अधिक ओव्या. त्यांतल्या मला पाठ येतात नऊ, त्याही पसायदानाच्या, म्हणजे थेट शेवटच्या. कादंबरीचं शेवटचं पान आधी उघडणाऱ्यांना मी नावं ठेवतो, पण ज्ञानेश्वरीबाबत अख्ख्या महाराष्ट्राने तेच केलेलं आहे. तिच्याशेजारी 'लीळाचरित्र'. मराठीतला आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभटांचा. यातल्या दोन लीळा शाळेच्या पुस्तकात होत्या, त्या जोरावर मी चाळीस वर्षं काढली आहेत. खाली 'ययाति'. तो मी वाचला आहे. खूप पूर्वी.

हे 'खूप पूर्वी' नीट ऐकत चला. न वाचलेल्या पुस्तकाला मराठी माणूस 'वाचलं नाही' असं कधीच म्हणत नाही. तरुणपणी तो म्हणतो, "वाचायला घेतलंय." पन्नाशीत म्हणतो, "खूप पूर्वी वाचलंय." निवृत्तीनंतर म्हणतो, "आता परत वाचायचंय." 'परत' हा शब्द तिथे फार मोठं ओझं उचलतो. नाटकांचं सोपं असतं. 'नटसम्राट' वाचलंय का विचारलं की, "पाहिलंय!" असं म्हणता येतं, आणि त्यानंतर लागूंच्या आवाजाची नक्कल सुरू झाली की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रश्न काढण्यासाठी मला मदत लागणार हे उघड होतं. ती वरच्या मजल्यावर मिळाली. तिथे चार मुलं भाड्याने राहतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांतला एक रावेरकडचा. सव्वीस वर्षांचा, तिसरा प्रयत्न चालू. दिवसा अभ्यासिकेत, दुपारी मेसचा डबा, रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालत पाठांतर. तो सगळ्यांना 'सर' म्हणतो, भाजीवाल्यालासुद्धा. त्याच्या खोलीच्या भिंतीवर नकाशा नव्हता, देवाचा फोटो नव्हता. एक मोठा तक्ता होता. डाव्या रकान्यात टोपणनावं, उजव्या रकान्यात खरी नावं.

"विचारा सर," तो म्हणाला.

"ज्ञानपीठ मिळालेले मराठी लेखक?"

"खाकुविने."

मला वाटलं, त्याला शिंक आली.

"ट्रिक आहे सर. खा म्हणजे खांडेकर, १९७४. कु कुसुमाग्रज, १९८७. विं विंदा, २००३. ने नेमाडे, २०१४. खाकुविने."

चौघा थोरांची आयुष्यभराची तपश्चर्या त्याने चार अक्षरांत कोंबली होती, आणि मुंग्यांच्या औषधासारखं नाव तयार झालं होतं. मी विचारलं, गडकऱ्यांची नाटकं? तो म्हणाला, "पाच अक्षरं सर. प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला, भावबंधन, राजसंन्यास. पाच अक्षरी नाव दिसलं आणि पर्याय माहीत नसला की गडकरी ठोकायचं." मी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं. एम.ए.ला मराठी घेऊन मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं त्याच्या पलंगावर, म्हणजे 'कॉट बेसिस'वर, बसून प्रश्न काढत होतो. मला एक गोष्ट कळली. मराठी साहित्याचं सामान्यज्ञान हे मुळात साहित्याचं नाहीच. ते नावांचं आहे, आणि मराठी लेखकांनी नावांचा जो घोळ घालून ठेवला आहे, तो पाहता गाइडवाल्यांना दुसरा उद्योग करायची गरजच नव्हती.

आद्याक्षरांचंच घ्या. आपल्याकडे लेखकाला पूर्ण नावाने हाक मारणं हा त्याचा अपमान समजतात. त्यामुळे सगळं साहित्य रेल्वेच्या आरक्षण तक्त्यासारखं दिसतं. त्यात 'वि.' हा सर्वांत गजबजलेला डबा: वि. स. खांडेकर, वि. वा. शिरवाडकर, वि. दा. सावरकर, वि. का. राजवाडे, वि. रा. शिंदे, वि. द. घाटे, वि. भि. कोलते. शेजारी 'ना.'चा डबा: ना. सी. फडके, ना. सं. इनामदार, ना. घ. देशपांडे, ना. धों. महानोर, ना. ग. गोरे. बाहेरच्या माणसाला वाटावं की मराठीत लिहिण्यापूर्वी आधी 'ना' म्हणण्याची पद्धत असावी.

पण या सगळ्यांवर कडी केली ती दोन आपट्यांनी. एक ह. ना. आपटे, म्हणजे हरी नारायण. दुसरे ना. ह. आपटे, म्हणजे नारायण हरी. हे बापलेक नव्हेत, दोघांची पिढी वेगळी, गावं वेगळी. दोघेही कादंबरीकार. परीक्षकाला आणखी काय हवं असतं? ह. नां.ची 'पण लक्षात कोण घेतो?' आणि ना. हं.ची 'न पटणारी गोष्ट'. ही दुसरी पुढे शांतारामबापूंनी 'कुंकू' म्हणून पडद्यावर आणली, १९३७ साली. ही दोन शीर्षकं एकापुढे एक म्हणून पाहा, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त तयार होतं.

टोपणनावांची गंमत त्याहून खोल आहे. टोपणनाव घ्यायचं ते लपण्यासाठी. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, म्हणून अवघं मराठी जग शोधत सुटलं होतं. बाईंनी इतकं धीट लिहिलं होतं की लपणं भाग होतं. बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. आता गाइडच्या त्रेचाळीसाव्या पानावर त्या कंसात उभ्या आहेत. ज्यांना लपायचं होतं त्या सगळ्यांचे पत्ते फोडणं हेच या पुस्तकांचं काम. तक्ता पाठ केलेली मुलं त्यांची खरी नावं सांगू शकतात. त्यांनी लपून काय लिहिलं, ते मात्र खरोखरच गुप्त राहिलं आहे.

आणि काही जणांनी लपतानासुद्धा घरच्यांची नावं फोडली. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीवरून 'कुसुमाग्रज' घेतलं, गडकऱ्यांनी धाकट्या भावावरून 'गोविंदाग्रज'. विनोद लिहायला बसले की तेच गडकरी 'बाळकराम', आणि नाटक लिहायचं तर सरळ राम गणेश. एका माणसाच्या तीन खुर्च्या. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. दोघांच्या वडिलांचं नाव केशव, एवढ्यावर परीक्षेत दर वर्षी शेकडो मुलं आपटतात. कवी अनिलांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे, स्वतः मोठ्या लेखिका, १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष आणि हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्यांचा आणि कुसुमाग्रजांमधल्या कुसुमचा काहीही संबंध नाही. हे वाक्य मी स्पर्धेच्या दिवशी सहा वेळा उच्चारलं.

सगळ्यांत थोडक्यात आवरलं ते नारायण मुरलीधर गुप्ते यांनी. 'बी'. बस्स. सही करायला लागणारा वेळ त्यांनी कवितेला दिला असावा.

स्पर्धेआधी दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका माझ्याकडे एक कागद घेऊन आले. त्यांना प्रत्येक गोष्टीत ताळेबंद जुळवायची सवय आहे. आवाज खाली आणून म्हणाले, "ज्ञानपीठ कसं मिळतं, मला सापडलंय."

कागदावर लिहिलं होतं: खांडेकर. जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेले, विष्णू सखाराम झाले. कुसुमाग्रज. जन्मनाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेले, विष्णू वामन झाले.

"आलं लक्षात? जन्माला यायचं गणपतीच्या नावाने, मग दत्तक जायचं, मग विष्णू व्हायचं. दोन्ही ज्ञानपीठं तशीच."

मी म्हणालो, "पण विंदा?"

"गोविंद," काका म्हणाले. "विष्णूचंच नाव. आणि वडील विनायक. म्हणजे गणपती वडिलांच्या खात्यावर."

"आणि नेमाडे?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भालचंद्र," ते म्हणाले. "गणपतीचंच नाव."

मी त्यांच्या मागे लागून सगळं तपासलं. एकही आकडा चुकला नाही. मराठी समीक्षेने या चौघांवर इतकं लिहिलं, पण ही बाब नजरेतून सुटली होती. काकांच्या नातवाचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. नाव गजानन ठेवायला सून एक वेळ तयार झाली असती. दत्तकाचा विषय निघाल्यावर जेवण अर्धवट राहिलं म्हणतात.

सत्तावीस तारीख उजाडली. हॉलमध्ये फ्लेक्स लागला होता: 'अभीजात मराठी'. वेलांटी दीर्घ. मी सेक्रेटरींच्या निदर्शनास आणलं. ते म्हणाले, "मोठी आहे तेच बरं, लांबून दिसते."

ए विंग, बी विंग, आणि 'इतर' असे तीन संघ. इतरमध्ये वरच्या मजल्यावरची चार मुलं. "भाडेकरूंना भाग घेता येतो का?" असा हरकतीचा मुद्दा आधीच निघाला होता. उपविधी काढले गेले. त्यांत साहित्याचा उल्लेख नव्हता, म्हणून परवानगी मिळाली.

पहिला प्रश्न सोपा ठेवला होता. 'श्यामची आई'चे लेखक कोण? ए विंगमधल्या आठ वर्षांच्या मुलीने हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "श्याम!"

हॉल हसला. बी विंगने चूक, चूक असा गजर केला. मी मात्र अडकलो. कारण पोरीचं बरोबरच होतं. साने गुरुजींनी स्वतःच्याच लहानपणाला श्याम केलं आणि नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत ते लिहून काढलं. उलट 'पांडुरंग सदाशिव साने' हे तक्त्यातलं उत्तर ज्यांना येत होतं, त्यांना श्याम म्हणजे तेच हे माहीत असेलच असं नाही. अर्धा गुण द्यावा की दोन, यावर पाच मिनिटं गेली. शेवटी तिला प्लॅस्टिकचा डबा दिला.

तुरुंगावरून आठवलं. मराठीतली बरीचशी श्रेष्ठ पुस्तकं लिहायला सरकारी पाहुणचार लागलेला दिसतो. टिळकांचं 'गीतारहस्य' मंडालेला. विनोबांची 'गीताप्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, म्हणजे तिथे लेखक आणि लेखनिक दोघेही आतच. सावरकरांची कविता अंदमानात. हल्लीच्या लेखकांना लिहायला निवांतपणा मिळत नाही अशी तक्रार असते. पूर्वी तो सक्तीने मिळत असे.

दुसरा प्रश्न: 'पण लक्षात कोण घेतो?'

बी विंगमधल्या एक काकू माइक न घेताच म्हणाल्या, "आमच्या घरात तरी कोणी नाही."

टाळ्या पडल्या. त्यांचे यजमान शेजारीच होते, त्यांचं खरोखरच लक्ष नव्हतं. मग उत्तर म्हणून कोणी ना. ह. सांगितलं, कोणी ह. ना. सांगितलं, आणि पुढची दहा मिनिटं हॉलमध्ये 'हना' आणि 'नाह' असे आवाज येत राहिले. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, आत प्राणायामाचं शिबिर चालू आहे.

'स्वामी' ही कादंबरी कोणावर आहे? पहिल्या रांगेतल्या आजींनी हात जोडून उत्तर दिलं, "अक्कलकोटच्या." मी नाही म्हणालो. "मग समर्थांवर." नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' थोरल्या माधवराव पेशव्यांवर आहे असं सांगितलं, तेव्हा आजी नाराज झाल्या. त्यांनी ती गुरुवारी पारायणासाठी आणून ठेवली होती. मराठी पुस्तकांची नावं अशी चकवतात. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' उघडलं तर आत तोफा नाहीत; युरोपातून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना घेऊन मुंबईकडे येणारी एक बोट आहे, आणि तिच्यावरचं एक प्रेम. १९३९ सालची कादंबरी, आणि बोट निघते तेव्हा खरं रणांगण अजून पेटायचंच होतं. हे विश्राम बेडेकर मघाशी कंसात सापडलेल्या विभावरी शिरूरकरांचे यजमान. असं एखादं घर असलं की साहित्याचा आख्खा पेपर त्यातच निघतो.

"'बी' हे कोणाचं टोपणनाव?" मी विचारलं, आणि ए विंग उठून उभी राहिली. प्रश्न पक्षपाती आहे, त्यात बी विंगची जाहिरात होते, असं त्यांचं म्हणणं. 'ए' नावाचा कवी का घेतला नाही? मराठीत तसा कवी नाही हे पटवून देताना माझा घसा बसला. जी. ए. कुलकर्णी चालतील का, असं कोणीतरी मागून म्हणालं. तडजोड म्हणून त्यांना एक जादा प्रश्न दिला.

आरती प्रभूंना दोन्ही विंगनी एकमताने कवयित्री ठरवलं. चिं. त्र्यं. खानोलकर हे नाव सांगितल्यावर काकूंचा चेहरा उतरला. "इतकी चांगली बाई," त्या म्हणाल्या. तिकडे इंग्लंडात मेरी ॲन इव्हान्सला आपलं लिखाण गंभीरपणे घेतलं जावं म्हणून जॉर्ज इलियट व्हावं लागलं. इकडे कोकणातल्या एका खाणावळवाल्या घरातल्या मुलाने आपणहून आरती होऊन दाखवलं. विंदा करंदीकरांनाही एका वहिनींनी 'ताई' केलं. आणि ग्रेस? माणिक गोडघाटे. पण प्रश्न पुरा व्हायच्या आतच बी विंगमधून आवाज आला, "द्या की सर ग्रेस, दोनच गुण कमी पडतायत."

जागतिक फेरी थोडक्यात आटोपली. 'झुंझारराव' कशावरून? देवलांनी ऑथेल्लोला मराठी अंगरखा घातला. 'विकारविलसित'? आगरकरांनी १८८३ मध्ये आणलेला हॅम्लेट. 'ती फुलराणी' म्हणजे शॉचं पिग्मॅलियन, हे सगळ्यांना येत होतं, कारण सगळ्यांनी भक्ती बर्वे पाहिल्या होत्या. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नसून तो बनवणाऱ्याचं आहे, यावर मात्र कोणीच विश्वास ठेवला नाही. बँकवाले काका म्हणाले, "बनवतो तोच राक्षस." हे मेरी शेलीला पटलं असतं, म्हणून मी गुण दिला.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता, माझा लाडका. ज्या रामायणात 'राम' हा शब्द येऊच शकत नाही, ते कोणाचं? हॉल गप्प. रावेरचा मुलगा उठला. "मोरोपंत. निरोष्ठ रामायण. ओष्ठ्य वर्ण नाहीत, म्हणून म नाही."

अठराव्या शतकात बारामतीत बसून या गृहस्थांनी रामायणं रचली, १०८. एक ओठ न लावता. एकाचं नाव 'परंतु रामायण'. मी घरी येऊन आरशासमोर ओठांना ओठ न लावता बोलून पाहिलं. बायकोने आतून विचारलं, दाढ दुखतेय का.

कुकर 'इतर' संघाने जिंकला. बी विंगने निकालावर हरकत नोंदवली ती अजून कार्यवृत्तात आहे.

रात्री तो मुलगा खुर्च्या उचलायला थांबला होता. एकशे सतरा प्रश्नांपैकी त्याचा एकही चुकला नव्हता. मी सहज विचारलं, "यातलं वाचलंयस काय काय?"

तो प्रामाणिक होता. 'खूप पूर्वी' म्हणायचं त्याचं वय झालेलं नव्हतं. "काहीच नाही सर," तो म्हणाला. "शाळेत धडे होते तेवढे. परीक्षा निघाली की सगळं वाचणार आहे." मग थोडं थांबून, "तुम्ही सर?"

मी खुर्च्या मोजू लागलो.

त्याला वर बोलावून कपाटातून 'कोसला' काढून दिली. त्याने पुस्तक न उघडताच सांगितलं, "भालचंद्र नेमाडे, १९६३, नायक पांडुरंग सांगवीकर." मग मागचं पान पाहून विचारलं, "सर, यावर प्रश्न किती येतात?"

"एखादा."

"तो येतो मला," असं म्हणून त्याने पुस्तक नम्रपणे परत केलं.

मी म्हणालो, अरे, हा सांगवीकर तुमच्याकडचाच. खानदेशातला. गावाकडून शिकायला पुण्यात येतो, खोली घेतो, वडिलांचे पैसे उडतात, परीक्षेत काही जमत नाही, आणि...

"आणि?"

"आणि तेच वाचायचं."

"पुण्यात कुठे राहायचा?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नव्हता. लिहिताना नेमाडे पंचविशीतले होते, म्हणजे त्याच्याहून वर्षाने लहान, हेही मी सांगितलं. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द या कादंबरीने एका पिढीच्या जिभेवर कसे बसवले तेही सांगायला लागलो होतो, पण तोवर तो जिन्यात पोचला होता. पुस्तक घेऊन.

पुढचे काही दिवस रात्रीच्या येरझाऱ्या थांबल्या. वरच्या खोलीतला दिवा मात्र उशिरापर्यंत असायचा. खालच्या वहिनींनी सेक्रेटरींकडे तक्रार केली की हल्ली मध्येच हसल्याचा आवाज येतो. एकदा म्हणे बराच वेळ काहीच आवाज आला नाही, त्याचीही त्यांना काळजी वाटली. मी त्यांना सांगितलं, मनीचं प्रकरण आलं असेल. त्यांना वाटलं मांजर पाळलंय. पाळीव प्राण्यांबद्दलची नोटीस दुसऱ्या दिवशी लागली.

तीन आठवड्यांनी तो जिन्यात भेटला. दाढी वाढलेली, हातात दुधाची पिशवी.

"काय रे, अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय सर," तो म्हणाला. "परीक्षा वगैरे पुढे गेली."

पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.